पहाटे चारचं पाणी

"अख्ख्या विभागाचं पाणी बाबांच्या हातात, पण आमच्या चाळीत ते पहाटे चारलाच यायचं." काकांच्या तेराव्याला आज त्यांची मुलगी म्हणाली. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

काका महापालिकेत चावीवाले, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारे होते. तानसा तलावाचं पाणी मुंबईत १८९२ पासून येतंय, आज शहराला पाणी देणारे तलाव सात आहेत. पण गल्लीत पाणी येतं ते रस्त्यातला व्हॉल्व्ह कुणीतरी वेळेवर फिरवतं म्हणून.

काकूंनी एकदा वेळ बदलायचं सुचवलं होतं म्हणे. "मग दुसऱ्या कुणाला तरी चारला उठावं लागेल," काका म्हणाले. रात्रपाळी नसली की स्वतः उठून पिंपं भरायचे, काकूंना झोपू द्यायचे. मला तर हेच जास्त मोठं वाटतं.

तुमच्याकडचा चावीवाला कोण, ठाऊक आहे?