कूलरचा आवाज

२४ मे, रात्री

उद्यापासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस. सकाळी दादाला ओपीडीत नेण्यासाठी ऑटो थांबवला, तर चालकाने सहज विचारले, "पागलखाना चौक ना?" प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या जवळच्या त्या चौकाला सारे नागपूर याच नावाने ओळखते आणि मीही वर्षानुवर्षे ते निर्विकारपणे उच्चारले आहे. आज मात्र दादा शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही. मीच उगाच पदर सारखा करत राहिले.

दादाला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया आहे, हे सांगितले की निम्मे लोक विचारतात, "म्हणजे त्याच्यात दोन माणसे आहेत का?" या गैरसमजाचे मूळ नावातच आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याला विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली जोडणी तुटणे अभिप्रेत होते. एका देहात अनेक व्यक्तिमत्त्वे असल्याचा अनुभव येणे हा वेगळाच विकार आहे. दादा एकच आहे, आणि पूर्वीइतकाच हट्टी आहे.

कूलरच्या घरघरीत त्याला स्वतःचे नाव ऐकू येऊ लागले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आवाज आणि संशय औषधांनी बरेच कमी झाले. त्यानंतर जे उरले, ते आम्हा कुणाला आजार वाटलेच नाही. तो तासन्‌तास दिवाणावर बसून राही, समोरच्या चहावर साय धरे, दाढी आठवडाभर वाढलेली असे आणि चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. आई म्हणायची, "आता बरा झालाय, पण अंगात आळस भरलाय." मी तर एकदा त्याच्या हातात झाडू देऊन "फुकटचं खातोस" असेही म्हटले होते. उमेद आटणे, बोलणे कमी होणे आणि चेहऱ्यावर भाव न उमटणे हीदेखील या आजाराची लक्षणे आहेत आणि आवाजांवर चालणारी औषधे त्यांच्यावर फारशी चालत नाहीत, हे मला समजायला नऊ वर्षे लागली. त्या झाडूबद्दल मी अजून त्याची क्षमा मागितलेली नाही.

रांगेत शेजारच्या बाई आपल्या मुलीविषयी कुजबुजत होत्या, "डॉक्टर बॉर्डरलाइन म्हणतात, मला तर नाटकंच वाटतात." मुलीच्या पूर्ण बाह्यांचा कुर्ता एवढ्या उकाड्यातही मनगटापर्यंत ओढलेला होता. बॉर्डरलाइन या व्यक्तिमत्त्व विकारात भावना भडकतात लवकर आणि निवतात फार उशिरा; सोडून दिले जाण्याची भीती तर सतत असते. त्यावरची सर्वांत प्रसिद्ध उपचारपद्धती विकसित करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी, तरुणपणी आपणही अशाच अवस्थेतून गेलो आणि रुग्णालयात राहिलो, हे २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. ते त्या बाईंना सांगावे असे फार वाटले, पण रांगेत आमचा क्रमांक पुकारला गेला.

डॉक्टरांनी गोळ्या त्याच ठेवल्या आणि उन्हाबद्दल बजावले, कारण या औषधांपैकी काही शरीराचे तापमान राखण्याच्या क्रियेत अडथळा आणतात आणि उष्माघाताचा धोका वाढतो. आवाजांबाबत मात्र जुनाच सल्ला दिला: खोटे म्हणून वाद घालू नका आणि खरे म्हणून होकारही देऊ नका.

आत्ता जेवणानंतर कूलरमध्ये पाणी भरत होते, तेव्हा दादाने दिवाणावरूनच विचारले, "तुला काही ऐकू आलं?"

"नाही रे, मला नाही आलं. तुला येतंय का?"

"थोडं." मग जरा वेळाने तो म्हणाला, "राहू दे. पंखा वाढव, उकडतंय."