फोटोशॉप नाही वो, ऊन मागं ठेवलंय

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. खो-खोच्या पोरींचे, पैलवान पोरांचे, क्रिकेट खेळणाऱ्या बारक्यांचे जे फोटो मी काढते ते बघून दर वेळी तोच प्रश्न येतो, "मॅडम, दिवसाढवळ्या काढलाय म्हणताय, मग मागचं आभाळ एवढं गडद कसं? हे फोटोशॉपच असणार की वो." कुणी ॲपचं नाव विचारतं, कुणी म्हणतं प्रीसेट, म्हणजे फोटोच्या रंगांचं तयार सेटिंग, पाठवा. प्रीसेट पाठवून काय होणार नाही, कारण आभाळ कॅमेऱ्यातच गडद आलेलं असतं, कॉम्प्युटरवर मी फारतर मैदानातला एखादा कागदाचा कपटा पुसते.

लोकांना वाटतं अशा फोटोत लाइट जास्त मारलेला असतो. मला विचाराल तर सगळा खेळ लाइट कमी करण्याचा आहे. आधी आख्खं मैदान, आभाळ, ऊन, सगळं कॅमेऱ्यात अंधारं करून घ्यायचं, एवढं की समोर उभं असलेलं पोर जवळजवळ काळं दिसलं पाहिजे, आणि मग फक्त त्या पोरावर फ्लॅश टाकायचा. बास. पण "बास" म्हणायला सोपं आहे आणि सोलापूरचं ऊन ते सोपं राहू देत नाही.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर, आणि मेच्या दहा तारखेच्या आसपास तर दुपारी साडेबाराच्या जरा अलीकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गायब. त्या उन्हात कुणालाही उभं करा, कपाळ आणि नाक चमकतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. वर पोर डोळे बारीक करतं ते वेगळंच. म्हणून पहिली गोष्ट, पोराला उन्हाकडं तोंड करून उभं करायचं नाही. पालक हमखास सांगतात, "उजेडाकडं तोंड कर रे," आणि मी हमखास त्याला उलटं फिरवते. सूर्य पाठीमागं, जरा एका बाजूला, फ्रेमच्या बाहेर. मग तेच ऊन केसांवर, खांद्यावर, दंडावर एक पांढरी कड काढतं आणि पोर मागच्या आभाळापासून सुटं होतं. हा एक लाइट फुकटात मिळाला.

आता आभाळ गडद कसं करायचं. तीन आकडे लागतात. एफ म्हणजे लेन्सचं भोक, ॲपर्चर, आकडा मोठा तितकं भोक बारीक. शटर म्हणजे सेकंदाच्या किती भागापुरता उजेड आत घ्यायचा. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती लवकर दाद देतो. जुने रोलवाले फोटोग्राफर एक हिशोब वापरायचे तो आजही चालतो, लख्ख ऊन असलं की एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. म्हणजे आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१००, किंवा तेवढाच उजेड देणारं एफ/११ आणि १/२००. ऊन पडलेल्या जागेचा हा बरोबर एक्स्पोजर, म्हणजे फोटो ना काळा ना पांढराफटक. मला बरोबर नकोच आहे, मला एक स्टॉप कमी पाहिजे, म्हणजे उजेड निम्मा, म्हणून १/२०० तसंच ठेवून एफ/१६ करते. पावसाळ्याच्या तोंडाला ढग भरून आलेले असले तर दीड-दोन स्टॉपसुद्धा कमी करते, त्या वेळी ढगांचा एक-एक पदर सुटा दिसतो. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा, आभाळ मनासारखं झालं की ते सेटिंग तिथंच सोडायचं, त्याला परत हात लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल मग शटर अजून फास्ट का नाही करायचं, १/१००० केलं की आभाळ अजून काळं. बरोबर आहे, कारण शटरचा परिणाम उन्हावर होतो, फ्लॅशवर होत नाही. फ्लॅश सेकंदाच्या एवढ्याशा तुकड्यात पेटून विझतो, शटर त्याच्यापेक्षा जास्त वेळ उघडं असतं, त्यामुळं १/६० काय आणि १/२०० काय, फ्लॅशचा उजेड चेहऱ्यावर तेवढाच येतो. ॲपर्चर मात्र दोघांना धरून कमी-जास्त करतं. हे एवढं एक डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, खरंच. पण बहुतेक कॅमेऱ्यांना १/२०० किंवा १/२५० च्या पुढं साधा फ्लॅश चालत नाही, फोटोत एक काळी पट्टी येते, कारण त्याच्यापुढं शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आधीच दुसरा बंद व्हायला निघालेला असतो आणि सेन्सर एकदम सगळा उघडा असा कधी मिळतच नाही. त्याच्यावर हाय-स्पीड सिंक नावाची सोय आहे, त्यात फ्लॅश एकदाच पेटण्याऐवजी भराभर पेटत राहतो, पण त्यात त्याची ताकद भरपूर वाया जाते आणि उन्हाळ्यात तो तापून बसतो. काही जण लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळपट काच, लावतात, तीन स्टॉपचा लावला की एफ/११ ऐवजी एफ/४ ला काढता येतं आणि मागचं छान धूसर होतं. चांगलंय, पण तो फिल्टर उन्हाला अडवतो तसा फ्लॅशलाही अडवतो, त्यामुळं "फिल्टर घेतला, आता छोटा फ्लॅश चालेल" असं समजून पैसे घालू नका.

छोट्या फ्लॅशची ताकद मोजायला गाइड नंबर असतो, त्याला एफच्या आकड्यानं भागलं की फ्लॅश किती मीटरवर ठेवायचा ते कळतं. समजा आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ आहे. एफ/१६ ला भागा, सव्वादोन मीटर आले. आणि हे उघड्या फ्लॅशचं. उजेड मऊ करायला फ्लॅशला छत्री लावली की ती साधारण दोन स्टॉप गिळते, म्हणजे अंतर अर्ध्यावर, मीटरभर. आता पोराला कमरेपासून वर घ्यायचं आणि छत्री मीटरभर अंतरावर फ्रेमच्या बाहेर ठेवायची, कसरत आहे ती. म्हणून भर दुपारी मी छत्री काढतच नाही, दोनशे वॉट-सेकंदाचा, म्हणजे छोट्यापेक्षा बराच ताकदवान, बॅटरीवाला फ्लॅश उघडाच मारते. लाइट कडक येतो, सावल्यांच्या कडा धारदार येतात. पैलवानाला तो शोभतो. बारक्या पोरीला शोभत नाही.

खरं सांगायचं तर दुपारी काढायचंच नाही. डिसेंबरमध्ये सहाच्या जरा आधी सूर्य बुडतो, मेमध्ये सातच्या आसपास, त्याच्या आधीचा अर्धा-पाऊण तास माझा. ऊन तोवर दोन-तीन स्टॉपनं मवाळ झालेलं असतं, एफ/५.६ वर काम होतं, तोच ३६ वाला फ्लॅश छत्रीसकट तीन मीटरवरून पुरतो. शिवाय प्रॅक्टिसची वेळही तीच असते, पोरं आधीच मैदानात, घामेजलेली, त्यांना वेगळं बोलवावं लागत नाही. पाणी मारून खोटा घाम आणणं मला आवडत नाही. दोन चकरा मारून ये म्हटलं की खरा येतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावर नको, कधीच नको. बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशात, डोळ्यांच्या जरा वर. फार वर नेला की परत दुपारचे तेच खड्डे, फार खाली आणला की पोर भुताटकीच्या पिक्चरमधलं. फक्त क्रिकेटवाल्याचं हेल्मेट असलं की मी हा नियम मोडते, कारण हेल्मेटच्या पुढच्या छपराची सावली आख्ख्या डोळ्यांवर पडते आणि जाळीच्या रेघा गालावर उमटतात. तिथं फ्लॅश डोळ्यांच्या लेव्हलला आणायचा, आणि पोराला हनुवटी एवढीशी वर करायला लावायची. संध्याकाळी फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, पण लावते, अर्धं, म्हणजे फिक्या रंगाचं. नाहीतर मागं सोनेरी ऊन आणि चेहऱ्यावर ट्यूबलाइट. पूर्ण नारिंगी लावून कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स बल्बवर ठेवलं तर चेहरा नॉर्मल राहतो आणि आभाळ गडद निळं होतं, तो जो "निळा फोटो" सगळे विचारतात ना तो हाच. त्यात कुठलं ॲप नाही.

वारा सुटला की छत्री उलटी होते आणि स्टँड आडवा. विकतच्या वाळूच्या पिशव्या मी घेतलेल्या नाहीत, पाण्याचा पाच लिटरचा कॅन स्टँडला लटकवते, तोच नंतर प्यायला होतो. आणि स्टँडपेक्षा बरं म्हणजे टीममधली एखादी पोरगी. खो-खोमध्ये मैदानात नऊ जणी, बाकीच्या बाहेर बसलेल्या, त्यातल्या एकीच्या हातात फ्लॅश दिला की ती जीव तोडून धरते, आणि समोरच्या मैत्रिणीला असं काहीतरी बोलते की खरं हसू येतं, ते मला शंभर वर्षांत जमलं नसतं.

खो-खोवरून सांगते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपले दोन्ही संघ जिंकले, मुलींची कॅप्टन महाराष्ट्राचीच, प्रियांका इंगळे. त्यानंतर माझ्याकडं येणाऱ्या आई-वडिलांचा सूरच बदलला. आधी "अर्जाला लावायला एक साधा काढा" असायचं, आता "तसला भारी काढा" असतं. माझं म्हणणं एवढंच की भारी म्हणजे प्रत्येकाला हाताची घडी आणि कपाळाला आठ्या नव्हे. खो-खोची पोरगी बसलेलीच भारी दिसते, एक गुडघा दुमडलेला, बोटं जमिनीला टेकलेली, कुठल्याही क्षणी उठणार. तिला खांबाजवळ बसवते, मी स्वतः जमिनीवर पालथी पडते, कॅमेरा मातीपासून वीतभर वर. खालून घेतलं की मागच्या वायरी, मोबाइल टॉवर, मैदानाभोवतीच्या बिल्डिंगा सगळ्या तिच्या पाठीमागं दडतात आणि डोक्यामागं नुसतं आभाळ. फक्त क्षितिजाची रेघ मानेतून जाऊ द्यायची नाही. हिप्परग्याच्या तलावाकडं गेलात तर हा सगळा त्रासच नाही, मोकळं आहे. पार्क मैदान किंवा होम मैदानाच्या बाजूला अँगल शोधावा लागतो, आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरला की होम मैदानाचं नावच काढायला नको.

धुळीचं पण विचारतात. ती धूळ खरी आहे, मुरमाची. पोरगी सूर मारते तेव्हा उडते, आणि सूर्य मागं असला की पेटल्यासारखी दिसते. समोरून लाइट मारला तर हीच धूळ राखाडी धुरकट येते. सूर मारतानाचा फोटो पाहिजे असेल तर फ्लॅश फुल पॉवरला नको, कमी पॉवरला तो अजून थोडाच वेळ पेटतो आणि हातपाय कडक गोठतात. ऊन एक-दोन स्टॉप दाबलेलं असलं तरी मागून येणाऱ्या उन्हाची कड १/२०० ला जरा हलते. चालतं. पळतंय हे कळलं पाहिजे की.

ज्यांच्याकडं फक्त मोबाइल आहे त्यांनी फ्लॅशचा नाद सोडा, मोबाइलच्या दिव्यानं उन्हाशी काही होत नाही. संध्याकाळी पोराला उन्हाकडं पाठ करून उभं करा, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, आभाळात रंग येईपर्यंत. चेहरा काळा पडला की समोरून थर्माकोलची पांढरी शीट धरा, जितकी जवळ तितकी बरी, अंतर निम्मं केलं की उजेड बराच वाढतो. चांदीसारखी चमकणारी शीट नको, पोराच्या डोळ्यातून पाणी येतं.

शेवटचं, माझं ज्याच्यावरून सगळ्यात जास्त डोकं तापतं ते. आपली पोरं सावळी आहेत, दिवसभर उन्हात खेळून अजून सावळी झालेली. सावळ्या कातडीवर बाजूनं तिरका लाइट टाकला की दंडाचा, गालाच्या हाडाचा आकार काय सुंदर निघतो, गोऱ्या चेहऱ्यावर तो तसा निघत नाही. लाइट वाढवून चेहरा उजळवला की तो आकार गेला. मी एवढं जपून काढते आणि मग राज्याला निवड झाली म्हणून चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, त्यात पोरगी गुलाबी. आभाळही उजळवलेलं, मागं फटाके टाकलेले. विचारलं तर उत्तर येतं, "मॅडम, फ्लेक्सवर डार्क येतं की." ते काही खोटं नाही, फ्लेक्सवर सावल्या खरंच बुजतात. म्हणून आता मी पेनड्राइव्हवर दोन फोल्डर देते. एकात मोबाइलवर बघायचे. दुसऱ्यात फ्लेक्ससाठी वेगळे, त्यात फक्त सावल्या अर्धा स्टॉप उचललेल्या, आभाळ आणि कातडीचा रंग तसाच. त्या फोल्डरचं नाव ठेवलंय "फ्लेक्स – चेहरा गोरा करू नका." गेल्या फ्लेक्सवर चेहरा तसाच राहिला, पण फटाके आहेत अजून.