कार्ड पक्कं होईपर्यंत कळ काढ?

लग्न करून अमेरिकेत आलेल्या मुलीचं बिनसलं की माहेरच्या फोनवर एक सल्ला हमखास येतो. "आता इतकं सोसलंस, तर कार्ड पक्कं होईपर्यंत कळ काढ." सांगणारी माणसं मायेचीच असतात. मला आधी आत्याने सांगितलं, मग मामाने, मग आईच्या एका मैत्रिणीने, कारण तिची भाची टेक्सासला असते. सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि काही जणींसाठी तर धोक्याचा. माझा घटस्फोट कॅलिफोर्नियात झाला तेव्हा माझ्याकडे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड होतं. आज पक्कं कार्ड आहे आणि मी इथेच नोकरी करते. मी वकील नाही, तुमच्या केसला वकील लागेलच. पण वकिलाकडे जाण्याआधी निदान घाबरून निर्णय घेऊ नका, एवढ्यासाठी हे लिहितेय.

हे दोन वर्षांचं कार्ड सगळ्यांना नसतं. नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डवाल्याशी लग्न केल्यामुळे तुम्हाला कार्ड मिळालं, आणि ते मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नव्हती, तर ते सशर्त. त्यावर सहसा सीआर1 किंवा सीआर6 असं छापलेलं असतं. नवऱ्याच्या नोकरीतून, एच-1 या नोकरीच्या व्हिसावर रांगेत वर्षानुवर्षं काढून मिळालेल्या कार्डाला लग्नाची ही अट नसते. एच-4 ची, म्हणजे एच-1 वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसाची, गोष्ट आणखी वेगळी, तिथे घटस्फोट झाला की व्हिसाचा आधारच जातो. आपल्या मंडळांतल्या गप्पांत या तिन्हींची खिचडी होते, आणि एच-4 वाल्या कुणाची कहाणी ऐकून सीआर1 वाली मुलगी रात्रभर जागी राहते.

कागदोपत्री लग्नं लावून कार्ड मिळवण्याला आळा बसावा म्हणून 1986 साली हा कायदा आला. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-751 नावाचा अर्ज भरायचा, म्हणजे अट निघते. दोघांच्या सह्या लागतात. नवऱ्याच्या हातात हुकुमाचा पत्ता आहे असं वाटतं ते या सह्यांमुळे. आमच्याकडे डिशवॉशरमध्ये ताटल्या लावता लावता, आवाज जराही न चढवता मला ऐकवलं गेलं होतं, "मी सही केली नाही तर काय करशील?"

एकटीने अर्ज करशील, हे त्याचं उत्तर. त्याच आय-751 मध्ये जोडीदाराच्या सहीतून सूट मागायची सोय आहे. लग्न खऱ्या हेतूने केलं होतं पण घटस्फोट झाला, हे एक कारण. छळ झाला, हे दुसरं. देश सोडावा लागला तर अतोनात हाल होतील, हे तिसरं. जोडीदार वारला असेल तरीही एकटीने अर्ज करता येतो. सूट मागणाऱ्या अर्जाला ना नवऱ्याची सही लागते, ना परवानगी. अशा अर्जाला 90 दिवसांची चौकटही नाही, घटस्फोटाचा अंतिम हुकूम हातात आला की कधीही भरता येतो. 2024 च्या एप्रिलपासून फी 750 डॉलर आहे.

सरकारचा प्रश्न नीट समजून घ्या. लग्न टिकलं का, असं ते विचारत नाहीत. लग्न करताना एकत्र संसार करायचा इरादा होता का, एवढंच विचारतात. कॅलिफोर्निया ज्यांच्या कक्षेत येतो त्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने 1975 मध्येच बार्क नावाच्या जोडप्याच्या खटल्यात म्हटलं होतं की नंतर वेगळे झाले म्हणून लग्न खोटं ठरत नाही. माझ्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं आणि मी कित्येक महिन्यांनी जरा नीट श्वास घेतला.

पण इरादा सिद्ध करायचा म्हणजे पुरावे, आणि ते गोळा करणं हा या सगळ्यातला सर्वांत विचित्र भाग. एकीकडे कोर्टात लिहून द्यायचं की हा संसार आता सावरण्यापलीकडे गेलाय. त्याच आठवड्यात दुसऱ्या फाइलसाठी त्याच संसाराचे सुखाचे कागद शोधायचे. दोघांच्या नावचा भाडेकरार, जॉइंट खात्याची स्टेटमेंटं, गाडीचा विमा, विजेची बिलं, त्याच्या ऑफिसच्या हेल्थ इन्शुरन्सवर असलेलं माझं नाव. घर सोडताना कागद नेता आले नाहीत तरी हातपाय गाळू नका. जॉइंट खात्यावर तुमचं नाव असेल तर बँक तुम्हालाही जुनी स्टेटमेंटं देते. टॅक्स एकत्र भरला असेल तर आयआरएसकडून, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडून, ट्रान्सक्रिप्ट तुम्हाला स्वतःला काढता येते, फुकट.

आपलं ठरवून झालेलं लग्न इथल्या अधिकाऱ्याला कधी कधी चक्रावून टाकतं. दोन व्हिडिओ कॉल, एक भेट आणि साखरपुडा, हे त्यांच्या हिशेबात संशयास्पदच. म्हणून वकीलबाई म्हणाल्या, लग्नाआधीचंही द्या. आईने नाशिकहून कार्यालयाची पावती, पत्रिका, केळवणांचे फोटो आणि आहेराची वही स्कॅन करून पाठवली. वहीत बाबांच्या अक्षरात नावं आणि आकडे. शेजारचे कुलकर्णी 501, बाबांच्या ऑफिसातले मिळून एक मिक्सर, कुणाचं तरी नाव खोडून पुन्हा लिहिलेलं. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचा पूर्ण अनुवाद आणि अनुवादकाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे इथल्या एका मैत्रिणीने ती वही ओळीन् ओळ इंग्रजीत उतरवली, मिक्सरसकट. व्हॉट्सअॅपचंही तसंच. आम्ही प्रेमपत्रं लिहिणाऱ्यांतले नव्हतो. "येताना दूध आण, कढीपत्ता दिसला तर बघ", "भाडं भरलंस का", "आईला फोन कर, वाट बघतायत", असले निरोप. वकीलबाईंना तेच हवे होते. खोटं लग्न लावणारे फोटो काढून घेतात, पण रोजच्या कढीपत्त्याचे निरोप कुणी रचत बसत नाही.

शिवाय दोघांनाही ओळखणाऱ्या माणसांची शपथपत्रं. इथे आपल्या लोकांची खरी परीक्षा होते. गणपतीत आमच्याकडे जेवून गेलेल्या एका जोडप्याने "आम्हाला दोन्हीकडे संबंध ठेवायचेत" म्हणून हात वर केले. उलट सोसायटीतली पंजाबी आंटी, जिच्याशी माझं बोलणं लिफ्टपुरतं असायचं, तिने दोन पानं लिहून दिली. आम्ही कधी राहायला आलो, कुणाची गाडी कुठे लागायची, दिवाळीला तिच्याकडे फराळाचं ताट कोण घेऊन गेलं, सगळं.

आता घड्याळाचा प्रश्न, कारण वकिलाकडे लोक येतात ते बहुतेक यासाठीच. कार्डाची मुदत आणि कोर्टाची गती यांचा मेळ बसत नाही. कॅलिफोर्नियात नवऱ्यावर कागद बजावल्यापासून निदान सहा महिने घटस्फोट अंतिम होत नाही. घर, पैसा, मुलं यांवर भांडण असेल तर वर्ष-दोन वर्षं सहज. नुसतं लीगल सेपरेशन, म्हणजे लग्न न मोडता कायद्याने वेगळं होणं, या अर्जाला चालत नाही, लग्न संपल्याचा अंतिम हुकूमच लागतो. आमच्या राज्यात यावर एक तोडगा आहे. लग्न संपल्याचा निर्णय आधी मागायचा आणि मालमत्तेचा वाद मागाहून चालू ठेवायचा, याला बायफर्केशन म्हणतात. घटस्फोटाच्या वकिलाला इमिग्रेशनची कल्पना नसेल तर तो हे आपणहून सुचवेलच असं नाही. दोन्ही वकिलांना एकमेकांशी बोलायला लावा.

तरीही हुकूम यायच्या आत कार्ड संपत असेल तर? स्वस्थ बसून मुदत जाऊ देऊ नका. असे अर्ज घटस्फोट चालू असतानाही केले जातात, कोर्टात केस दाखल केल्याचा कागद जोडून. मग यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशन खातं, सहसा अंतिम हुकूम सादर करायला सांगतं आणि त्याला जास्तीत जास्त 87 दिवस मिळतात. नेमकं कधी भरायचं हा जुगार वकिलाने तारखा बघून खेळायचा. अर्ज आधीच दोघांनी मिळून केला होता आणि नंतर फाटलं, तर तसं खरं कळवून तोच अर्ज सूट मागणाऱ्या अर्जात बदलून मागता येतो.

खोटं मात्र करू नका. वेगळे राहत असताना एका पत्त्यावर राहतो असं दाखवून सह्या करणं, "फक्त कार्डापुरतं" म्हणून, हे मी पाहिलंय. कायदा चुकवण्यासाठी लग्न वापरलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि पुढच्या लग्नातूनही कार्डाचा रस्ता कायमचा बंद होतो. तुमचं लग्न खरं होतं, तर त्याला खोट्याचा टेकू द्यायची गरजच काय?

अर्ज पोहोचला की पावतीचं पत्र येतं. 2023 पासून ते जुन्या कार्डाची मुदत 48 महिन्यांनी वाढवतं. नोकरी, प्रवास सगळं चालतं. फक्त मूळ पत्र जवळ ठेवा. मुंबईच्या चेक-इन काउंटरवरचा मुलगा संपलेलं कार्ड बघून आधी "नाही" म्हणतो, मग साहेबांना बोलावतो, मग पत्र वाचतो. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचं असतं, नाहीतर सगळी पत्रं नवऱ्याच्या दारात जाऊन पडतात. एकटीच्या अर्जात मुलाखतीला बोलावण्याची शक्यता जास्त असते. मला बोलावलं. अधिकारी रुक्ष होता, वाईट नव्हता. ओळख कशी झाली, वेगळे का झालात, एवढ्याभोवतीच प्रश्न फिरले. "का" चं उत्तर मी थोडक्यात दिलं. तिथे नवऱ्याचा पंचनामा करून काही मिळत नाही.

मारहाण, पैशांची कोंडी, पासपोर्ट काढून घेणं, "पोलिसांना सांगून परत पाठवीन" अशा धमक्या असतील तर सगळं गणितच बदलतं. छळाच्या कारणावरून सूट मागायला घटस्फोट व्हावा लागत नाही, कोर्टाची वाट बघावी लागत नाही. न्यू जर्सीत मानवी ही संस्था 1985 पासून आणि इकडे बे एरियात मैत्री 1991 पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. "कळ काढ" म्हणणाऱ्या आत्याला यातलं काहीच माहीत नसतं. माहीत असायला हवं ते मुलीला, आणि शक्यतो विमानात बसण्याआधी.

पैशांचं थोडं. नवऱ्याने तुम्हाला आणताना आय-864 या आर्थिक हमीपत्रावर सही केलेली असते. ती आर्थिक जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही, हे भल्याभल्या नवऱ्यांना ठाऊक नसतं. त्याच्या ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स मात्र जातो. बहुतेक मोठ्या कंपन्यांत कोब्रा कायद्याखाली तो स्वखर्चाने 36 महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण घटस्फोट झाल्याचं 60 दिवसांत कळवावं लागतं. नागरिकत्वासाठी नागरिकाच्या जोडीदाराला असलेली तीन वर्षांची सवलत जाते आणि पाच वर्षं थांबावं लागतं. सशर्त कार्डाची वर्षं त्यात धरली जातात.

पक्कं कार्ड आल्याचं कळताच आत्याचा फोन आला. यावेळी पुण्यातलं एक स्थळ होतं. तिला दोन गोष्टी समजावताना माझी दमछाक झाली. एक, भारतात हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नाचा परदेशातला घटस्फोट तिकडे आपोआप ग्राह्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा नरसिंह राव निकाल त्याबद्दल आहे, आणि दुसऱ्या पक्षाने संमती दिलेली असली तर बाजू बरीच सोपी होते. आमच्या हुकुमावर दोघांच्या सह्या आहेत, तेवढं बरं. दुसरं, लग्नातून कार्ड मिळालेल्या माणसाने नागरिक होण्याआधी, कार्डाची पाच वर्षं भरायच्या आत, नव्या जोडीदारासाठी अर्ज केला, तर पहिलं लग्न खरं होतं हे पुन्हा भक्कम पुराव्यानिशी दाखवावं लागतं. "म्हणजे ती आहेराची वही परत?" आत्याने विचारलं. हो, परत.