खिशात मावेल आणि खिशाला परवडेल असा चाकू

पहिला चाकू मी फोटो बघून घेतला, तिथंच फसलो. काळी मूठ, काळंच पातं, अर्ध्या पात्याला करवतीसारखे दाते आणि मुठीच्या मागं काच फोडायचं टोक. किंमत ३०० रुपये. अंबडकडं आमची साडेतीन एकर मोसंबीची बाग आहे, तिथं फोडायला काच कुठून आणणार? पण दिसायला झ्याक होता.

दीड महिन्यात त्याचा, उघडलेलं पातं धरून ठेवणारा खटका सैल झाला. ठिबकची नळी कापताना पात्याच्या पाठीवर जरा दाब आला आणि ते माझ्याच बोटावर मिटलं. तीन टाके, वर धनुर्वाताचं इंजेक्शन. दवाखान्यातून येताना आबा एवढंच म्हणाले, "खुरपं कधी मिटलं का रे कुणाच्या बोटावर?"

बरोबरच होतं. पण खुरपं खिशात मावत नाही, आणि बागेत दिवसभर काहीतरी कापायचं निघतंच. सुतळी, खताची गोणी, कलमाच्या डोळ्यावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी. शिवाय बांधावर बसून एखादी मोसंबीही.

दुसऱ्या वेळी आधी खटका समजून घेतला. स्वस्तातल्या बहुतेक चाकूंत लायनर लॉक असतं. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पातं उघडलं की सरकते आणि त्याच्या बुडाला टेका देते. रचना चांगली आहे. पण पत्रा पातळ असला किंवा पट्टी नुसती काठावर टेकलेली असली, की ती निसटते. माझ्या चाकूत नेमकं हेच झालं होतं. आता कुठलाही चाकू हातात आला की आधी पातं उघडून आडवं हलवून बघतो. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठ लाकडावर हलकी आपटतो. मिटलं तर तिथंच परत.

दुसरी गोष्ट पोलादाची. नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं असलं तर त्यातून काहीच कळत नाही. पोलादाचा प्रकार छापलेला हवा. स्लॅबला लागणाऱ्या सळयांचे कारखाने आमच्या जालन्यात आहेत, पण मला खिशातला एक धड चाकू तिथल्या बाजारात मिळाला नाही, हेही सांगून टाकतो. दोन दुकानांत तर 'कांदा कापायचाय का?' असं विचारलं.

बजेट १,५०० रुपयांचं धरलं होतं. व्हिक्टोरिनॉक्सचा लाल स्विस चाकू बघितला. कात्री, पेचकस सगळं भारी, पण पक्कड-पाना माझ्या पिशवीत असतोच, आणि इतक्या फटींत बागेतली माती किती बसेल याचा विचार करून सोडला. शेवटी ओपिनेलच्या ८ नंबरावर आलो. फ्रान्सच्या सावोय भागात १८९० पासून बनणारा हा चाकू. बीचच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि खटका म्हणजे गळ्याशी फिरणारी एक पोलादी कडी. कडी फिरवली की फट बंद, पात्याला मिटायला जागाच नाही. ही युक्ती १९५५ ची. बघता क्षणी समजते आणि बिघडायला त्यात फारसं काही नाही. उघडायला दोन हात लागतात, पण मला कुठं लढाईवर जायचंय? बजेट थोडं ओलांडलं. किती, ते घरी सांगितलेलं नाही.

मार्केटला जाणं-येणं असतं म्हणून कायदाही बघून घेतला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेले चाकू येतात, त्यातून शेतीची आणि घरकामाची अवजारं वगळलेली आहेत. माझं पातं साडेतीन इंचही भरत नाही. तरी बटण दाबून फटकन उघडणाऱ्या रामपुरी वळणाच्या चाकूंच्या वाटेला गेलो नाही. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश निघाला की चाकू बागेतल्या खोलीतच ठेवतो.

हा चाकू दोन प्रकारच्या पात्यांत मिळतो, स्टेनलेस किंवा कार्बन पोलाद. सगळे म्हणाले स्टेनलेस घे, गंजत नाही. मी कार्बन घेतलं, कारण ते घरच्या दगडावर पटकन धार धरतं. तीन दिवसांत मोसंबीच्या रसानं पातं काळपट निळं झालं. तो डाग आहे, गंज नाही, हे मला माहीत होतं. आईला पटवायला दोन दिवस लागले.

चौथ्या दिवशी डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगासाठी, खोडाला लावायची बोर्डो पेस्ट कालवत होतो. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. आबांनी न विचारता माझा नवाकोरा चाकू बादलीत बुडवला, मिनिटभर धरला आणि वर काढला. पात्यावर तांबूस थर! मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं, म्हणजे चुना कमी पडलाय. "अजून थोडा घाल," म्हणाले आणि चाकू माझ्या हातात दिला. एरवी या कामाला ते विळा वापरतात. स्टेनलेसवर ही पारख भरवशाची नाही. पण मला तेव्हा पारखेचं कौतुक नव्हतं, पातं राखेनं घासता घासता नाकी नऊ आले. तेव्हापासून मोरचूद लागलेला चाकू साबणानं धुतल्याशिवाय त्यानं फळ कापत नाही.

धार लावायला दोन बाजूंचा दगड आणला, एक बाजू ४०० ची खरखरीत, दुसरी १००० ची बारीक. कोन साधारण २० अंशांचा. सुरुवातीला हात डुगडुगायचा. मग धारेवर मार्करची रेघ ओढून घासायला लागलो. शाई कुठं पुसली त्यावरून कोन बरोबर आहे की चुकतोय ते कळतं. काम झालं की पातं पुसून खोबरेल तेलाचा एक थेंब. एकदा आळस केला, ओला चाकू तसाच मिटून ठेवला, सकाळी पात्यावर गंजाचे ठिपके.

आता तक्रार एकच. पावसात लाकूड फुगतं आणि पातं फटीत घट्ट बसतं, नखानं ओढलं तरी हलत नाही. त्यावर उपाय त्याच्या गावचाच आहे: मुठीचं बूड दगडावर ठोकायचं, पातं थोडं वर येतं. परवा बांधावर दोनदा ठोकला तेव्हा उघडला. उन्हाळ्यात आतली फट पॉलिश पेपरनं घासून मुठीला जवसाचं तेल पाजायचं ठरवलंय.