दहा बाय बाराची खोली आणि घरची चार माणसं

घटस्थापना झाली की रंगाऱ्यांचे फोन लागत नाहीत, आणि लागले तर 'एका खोलीसाठी कोण येणार' हे उत्तर ठरलेलं. ती एक खोली घरच्या चार माणसांनी तीन दिवसांत नीट रंगवून होते. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मात्र होत नाही. भिंतीची भोकं-भेगा बुजवायची लांबी वाळायला जो वेळ लागतो तो लागतोच, आणि तिथे घाई केली की दोन महिन्यांत पोपडे हातात येतात.

आधी हिशोब. खोली 10 बाय 12 फूट, उंची 10 फूट. चार भिंतींची एकूण लांबी 44 फूट, म्हणजे 440 चौरस फूट. दार 3 बाय 7 आणि खिडकी 4 बाय 4 वजा केली की 403 उरतात. छत 120. साध्या इमल्शनचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाचा, 1 लिटर दोन हातांना (थरांना) मिळून 100 ते 120 चौरस फूट पुरतो असं धरा. म्हणजे भिंतींना 4 लिटरचा एक डबा, छताला 1 लिटर पांढरा (छत डागाळलेलं असेल तर 2), रंगाआधी द्यायचा पाण्याचा प्रायमर 4 लिटर आणि ठिगळापुरती 5 किलो लांबी, म्हणजे पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. पॉलिश पेपर 80, 120 आणि 220 नंबरचे तीन-तीन. 9 इंची रोलर, ट्रे, 2 इंची ब्रश, पुट्टी लावायचे-खरवडायचे दोन पत्रे, मास्किंग टेप. रंग स्वस्तातला घेतला तरी चालेल, ब्रश मात्र स्वस्त घेऊ नका. त्याचे केस गळतात, ओल्या रंगात चिकटतात आणि काढायला गेलं की तिथेच बोट उमटतं.

रंग आणण्याआधी भिंतीच्या दोन परीक्षा घ्या. पहिली ओलीची. पावसाळा संपून महिना झाला तरी बाहेरच्या बाजूची भिंत आतून ओली असू शकते. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि 24 तास ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. मग रंग थांबवायचा आणि बाहेरची भेग, गळकं पाइप किंवा वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर आधी बघायचं. ओलीवर दिलेला महागातला 'डॅम्पप्रूफ' रंगसुद्धा आतून फुगतो, कारण पाणी मागून ढकलतं.

दुसरी परीक्षा हाताची. काळ्या कापडाने भिंत चोळा. पांढरी भुकटी आली तर खाली चुना किंवा जुना कोरडा डिस्टेंपर आहे. यावर थेट इमल्शन फिरवलं की पहिल्या हातालाच जुना थर रोलरला चिकटून चादरीसारखा उचलून येतो. अशी भिंत पाणी मारून, दहा मिनिटं भिजू देऊन, पत्र्याने पार खरवडावी लागते. घरची माणसं खरी इथेच उपयोगी पडतात. काम कंटाळवाणं आहे, पण कौशल्याचं नाही. चौघांनी एकेक भिंत वाटून घेतली तर सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत उरकतं.

एक अपवाद. दार-खिडक्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो मुलांना घासायला देऊ नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग) ठेवणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. तो रंग कोरडा कधीच घासायचा नाही. पाणी लावून, मास्क बांधून मोठ्यांनी घासायचा, आणि लादी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायची.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून वरचं निवळ फडक्याने लावा, अर्ध्या तासाने धुवा. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता लांबी. खिळ्यांची भोकं आणि भेगा भरण्याआधी भेग पत्र्याच्या कोपऱ्याने थोडी रुंद करा. केसासारख्या भेगेत लांबी आत उतरत नाही, वरवर बसते आणि तिथेच परत तडकते. 1 किलो पुट्टीला साधारण 350 ते 400 मिलीलिटर पाणी, तेही थोडं थोडं. गुठळ्या मोडेपर्यंत दहा मिनिटं मळा, घट्ट श्रीखंडासारखं झालं की बरोबर. दोनेक तासांत संपेल एवढंच कालवा. घट्ट झालेल्यात वरून पाणी घालून परत मळायचा मोह होतो, पण त्या लांबीत जीव राहत नाही. लावण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडा. हे कित्येक जण विसरतात. कोरडी भिंत लांबीतलं पाणी ओढून घेते आणि दुसऱ्या दिवशी नख लावलं की पीठ पडतं. खोल भोक एका दमात भरू नका. पहिला थर वाळून थोडा बसला की दुसरा द्या. प्लास्टर ऑफ पॅरिस पटकन सुकतं म्हणून दुकानदार ते पुढे करतो, पण बाहेरच्या भिंतीला ते नकोच, ओल लागली की भुसभुशीत होतं.

दुसऱ्या दिवशी घासकाम. आधी 120, मग 220. 80 नंबर फक्त जुन्या रंगाच्या उंच कडा मोडायला, लांबीवर फिरवला तर ओरखडे पडतात आणि ते रंगातून दिसतात. बत्ती बंद करून मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. सगळे खड्डे-उंचवटे सावलीने उघडे पडतात. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने पेन्सिलीने गोल करायचे, तिसऱ्याने घासायचं. मग सगळी भिंत ओल्या फडक्याने पुसून घ्या. धूळ राहिली तर प्रायमर भिंतीला न बसता धुळीला बसतो. भिंत सुकली की प्रायमर, आणि रात्रभर विश्रांती.

स्विचबोर्डाभोवती ब्रश फिरवत बसण्यापेक्षा मेन स्विच बंद करून प्लेटचे स्क्रू सैल करा, प्लेट जरा पुढे ओढा आणि मागे टेप लावा. रंग वाळेपर्यंत मेन बंदच.

तिसऱ्या दिवशी रंग. दोन डबे असतील तर आधी एका बादलीत एकत्र करा. मशीनवर बनवलेल्या दोन डब्यांतही छटेचा फरक पडतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच. रंग पुरवायला जास्त पाणी घातलं की ओघळ येतात, दोनाऐवजी तीन हात लागतात आणि बचत तिथेच संपते. नवा रोलर धुऊन, वाळवून, त्यावर मास्किंग टेप चिकटवून उपटा, सुटे धागे निघून येतात.

छत आधी, भिंती नंतर. भिंतीला दोघांची जोडी हवी. ज्याचा हात स्थिर आणि स्वभाव शांत, त्याने ब्रशने कडा घ्यायच्या: छताखाली, कोपऱ्यात, चौकटीलगत दोन-दोन इंच. मागोमाग, फार तर दहा मिनिटांत, दुसऱ्याने रोलर फिरवत तो ओला पट्टा गाठायचा. एकट्याने आधी चारही भिंतींच्या कडा घेतल्या आणि चहा पिऊन मग रोलर घेतला, की वाळलेल्या कडेवर दुसरा थर चढतो आणि भिंतीला फोटोफ्रेमसारखी चौकट दिसते. वाळल्यावर ती जात नाही. अख्खी भिंत परत एक हात मागते. रोलरही वरून खाली, तीन फुटांच्या पट्ट्यात. पुढचा पट्टा मागच्यावर थोडा चढवायचा आणि भिंत अर्धी सोडून उठायचं नाही. तिसऱ्या माणसाने शिडी धरायची. चौथ्याने, मुलगा असेल तर त्याने, बादली ढवळायची आणि फरशीवर पडलेले थेंब ओले असतानाच पुसायचे. हे काम हलकं वाटतं, पण वाळलेला थेंब नंतर पत्र्याने खरवडावा लागतो.

दोन हातांत चार तासांचं अंतर, कोकणच्या दमट हवेत सहा. दुसरा हात किंचित ओला असतानाच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची सालही सोबत येते.

ब्रश आधी रद्दीवर पुसून मग धुवा, नाहीतर मोरीची जाळी तुंबते. उरलेला रंग काचेच्या बरणीत गच्च झाकण लावून ठेवा आणि वर शेडचा नंबर, खोली, महिना लिहा. दिवाळी झाल्यावर कपाट जागेवर सरकवताना भिंतीला एक तरी चरा पडतोच.