आरोळी काढून टाका!

ऑस्टिनमधल्या ज्या स्टुडिओत मी रेकॉर्डिंग करतो, तिथे एका तरुण बँडचा वेस्टर्न स्विंगचा अल्बम व्हायचा होता. त्यांची अट अशी की सगळे एकाच खोलीत, एकदम वाजवणार. क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात टिकटिकणारा ठरलेला ताल, नाही; हेडफोन नाहीत. म्हणजे प्रत्येक माइकमध्ये प्रत्येकाचा आवाज घुसणार. मला ही कटकट आवडते.

हे संगीत १९३०च्या दशकातलं, टेक्सस-ओक्लाहोमातल्या नाचघरांचं. गावाकडची फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि शहरातलं जॅझ यांची गाठ. त्यातला राजा फिडलवादक बॉब विल्स. गाणं रंगात आलं की तो मध्येच ‘आऽऽहा’ अशी आरोळी ठोकायचा आणि गज रोखून पुढचा सोलो कुणाचा ते सांगायचा. वादकाला आधी पत्ता नसे.

आमच्या बँडच्या फिडलवाल्यानेही तेच केलं. सगळ्यांना वाटलं पियानो येणार. त्याने आरोळी ठोकून गज वळवला तो स्टील गिटारवर बसलेल्या पाहुण्या आजोबांकडे. वय सत्तरीपार. त्यांची पोलादी कांडी तारांवर टेकायला किंचित उशीर झाला, म्हणून पहिला सूर खालून घसरत वर आला. आणि मग त्यांनी जे वाजवलं! ड्रमर वाजवता वाजवता हसायला लागला.

संध्याकाळी निर्माता म्हणाला, ‘टेक छान आहे. आरोळी काढ, स्टीलची एन्ट्री तालावर सरकव.’

मी एकेक माइक सुटा करून ऐकवला. गिटारच्या माइकमध्ये आरोळी. पियानोच्या माइकमध्ये आरोळी. ड्रमवरच्या माइकमध्ये तर सगळ्यांत स्वच्छ. स्टील सरकवायची तर जुन्या एन्ट्रीची सावली बाकीच्या माइकमध्ये राहणार. मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून ‘क्या बात है’ खोडून काढा म्हणण्यासारखं होतं हे. पण त्याला मैफल कुठून समजावू?

मग त्याच्याच घरचं सांगितलं. १९७०मध्ये कंट्री गायक मर्ल हॅगर्ड स्वतः ऐन भरात असताना फिडल शिकला आणि विल्सच्या जुन्या वादकांना घेऊन त्याच्या गाण्यांचा अल्बम केला. त्याच वर्षी ‘अस्लीप ॲट द व्हील’ हा बँड उभा राहिला, पुढे ऑस्टिनलाच येऊन वसला. पोरंटोरं पुन्हा या संगीताकडे वळली. डिसेंबर १९७३मध्ये डॅलसला जुनी मंडळी विल्सबरोबर रेकॉर्डिंगसाठी शेवटची जमली, तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत होता. हॅगर्डही आला होता. पहिल्या दिवसाचं काम संपलं आणि त्याच रात्री विल्सला पक्षाघाताचा झटका आला. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही, १९७५मध्ये गेला. त्या पहिल्या दिवशी खुर्चीत बसूनही त्याने आरोळ्या दिल्याच होत्या.

निर्माता बराच वेळ मोबाइल चाळत राहिला. मग म्हणाला, ‘बरं, राहू दे. निदान फिडलवाल्याचा माइक दोन डेसिबल खाली घे.’

घेतला. मला काही फरक ऐकू आला नाही. त्याला आला म्हणे.