वाजतीय का?

मागच्या दिवाळीनंतर माझ्या तोंडात कवळी आली. वरची पूर्ण, खालची अर्धी. डॉक्टरांनी बसवून दिली, आरसा दाखवला, मी हसले, ते पण हसले, आणि मी चप्पल घालताना मागून म्हणाले, मॅडम आता कडक काही खायचं नाही हां. मी म्हणलं कडक म्हणजे? तर म्हणे सुपारी, फुटाणे, चिक्की, कडक भाकरी. सुपारी मी कधी खाल्ली नाही, चिक्कीचं लोणावळ्याचे लोक बघून घेतील. पण सोलापूरच्या बाईला कडक भाकरी खाऊ नका म्हणजे गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला जा पण पाळण्याकडं बघू नका म्हणल्यासारखं झालं की.

बाहेरगावच्या लोकांना वाटतं उरलेली भाकरी वाळली की कडक भाकरी झाली. नाही हो. ती मुद्दाम करायची असते. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, चांगलं मळायचं, आणि मग थापायची ती एवढी पातळ की उचलताना आपणच श्वास धरावा. तव्यावर भाजून झाली की लगेच काढायची नाही, मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातला ओलावा पार घालवायचा. थोडा जरी राहिला तरी चार दिवसात बुरशी. नीट वाळली तर महिना महिना काही होत नाही, चळत करून डब्यात ठेवा आणि विसरा. मी स्वतः करायचे पूर्वी, आता मनगटात जोर नाही, म्हणून बाळीवेशीतल्या एका अक्कांकडून आणते. आणलेल्या भाकरीची परीक्षा एकच, कानाशी धरून बोटानं टिचकी मारायची. टणक वाजली तर खरी. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी असेल तर मग बोलायलाच नको, त्या ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालं तेव्हा अक्का म्हणल्या, आम्हाला तर आधीपासनंच ठाऊक होतं, कागद आता आला.

आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये ह्या भाकरीला तीन नावं आहेत. आम्ही पाच-सहा बायका सकाळी सिद्धेश्वर तळ्याकडनं चक्कर मारतो, चक्कर कमी आणि कट्ट्यावर बसणं जास्त, त्यातली एक कानडी तिची जोळद रोट्टी, एक तेलुगू तिची जोन्न रोट्टे, आणि माझी भाकरी. भांडण फक्त एकाच गोष्टीवरनं, शेंगाचटणीत लसूण किती. उखळात कुटून तेल सुटलेली पाहिजे ह्यावर मात्र तिघींचं एकमत, मिक्सरच्या चटणीला कुणी चटणी म्हणत नाही.

तर ही भाकरी मी आयुष्यभर कशी खाल्ली ते सांगते. घाईत. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, त्यातली बरीच वर्षं मोहोळ तालुक्यात, सकाळी साडेसहाची एसटी. डब्यात कडक भाकरी असायची कारण ती सांडत नाही, खराब होत नाही, पोळीसारखी चिवट होत नाही, आणि बसमध्ये उभ्या उभ्या एका हातानं खाता येते, दुसरा हात वरच्या दांडीला. कंडक्टर तिकीट मागायला आला की तोंडात भाकरी, मानेनंच गावाचं नाव सांगायचं. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं मिळाली तर कड्कड् करून एक भाकरी संपवायची आणि वहीचा गठ्ठा ओढायचा. चव वगैरे काय असेल ती दातांना माहीत, मला नाही.

(एसटीवरनं आठवलं. माझं ६५ पूर्ण झालं मे २०२३ मध्ये, ज्येष्ठ म्हणून हाफ तिकीट मिळणार म्हणून आधार कार्ड लॅमिनेट करून ठेवलं होतं, पहिल्याच दिवशी तुळजापूरला जायचं, कंडक्टरला ऐटीत कार्ड दाखवायचं. तर त्याच वर्षी १७ मार्चपासून सरकारनं सगळ्याच बायकांना हाफ करून टाकलं. शेजारची कॉलेजातली पोरगी पण हाफ आणि मी पण हाफ. कार्ड बघायला कुणी तयार नाही. एवढं वय वाढवलं त्याचा काय उपयोग.)

कवळीनंतर दोन महिने मी भाकरीकडं बघितलं नाही. मग आली भोगी. त्या दिवशी सोलापूर म्हणजे काय विचारू नका, गड्ड्याचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ६८ लिंगांना तैलाभिषेकाला निघालेले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, रस्त्यावर हर्र बोला हर्र, आणि घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, लोणी. मिरवणूक बघून चार-पाच बायका आमच्याकडं जेवायला आल्या. बाजरीची मऊ होती, ती गेली गुमान. पण ताटात कुणीतरी कडक भाकरीचा एक तुकडा ठेवला, वर शेंगाचटणी, वर दह्याचा ठिपका, आणि मला काय राहवलं नाही. म्हणलं समोरच्या दातानं नको, बाजूनं हळूच घ्यावी. घेतली. टक् असा आवाज आला. मी भाकरी तोंडापासनं लांब नेली तर वरची कवळी भाकरीला धरून तिच्याबरोबर बाहेर. माझ्या हातात भाकरी आणि भाकरीला दात, म्हणजे आता ती मला चावणार का काय असं दिसलालं.

कुणी हसेना. त्या न हसण्याचीच जास्त लाज वाटली. मग आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, ७६ वर्षांच्या वैनी, त्यांनी शांतपणे पदर तोंडाशी नेला, स्वतःच्या दोन्ही कवळ्या काढल्या, पाण्याच्या वाटीत टाकल्या आणि बोळक्या तोंडानं म्हणल्या, "बश निवांत. इथं कोन परकं हाय." मग जे हसणं सुरू झालं ते ताटं वाळेपर्यंत.

त्याच वैनींनी मला भाकरी खायला परत शिकवली. त्यांच्या हिशोबानं मी चूक करत होते ती एकच, भाकरी चावायची म्हणून बघत होते. भाकरीचे तुकडे करायचे, आमटी ओतायची आणि थांबायचं. कुस्करायचं नाही, कुस्करली की लापशी होते. नुसतं थांबायचं. आता हे थांबणं मी किती मनावर घेतलं म्हणाल तर मोबाईलवर वेळ लावून बसले. पातळ आमटीत दीड मिनिट. दह्यात पाच. गरम दुधात मिनिटभर पण नको. त्याच्या आत कवळी निघते, त्याच्या पुढं भाकरीचा जीव जातो. मधे एक एवढासा टाईम असतो, बाहेरनं मऊ आणि आत अजून बारीक कर्र, तो पकडायचा.

आणि खरं सांगू का, ते दीड मिनिट मला लई आवडायला लागलंय. तुकड्याच्या कडा आधी गडद होतात. मग आमटी आत आत सरकते, नकाशात पूर आलेला दाखवतात तशी. भाजल्याचे जे तपकिरी डाग असतात ते सगळ्यात शेवटी भिजतात, बेटासारखे राहतात थोडा वेळ. साठ वर्षं ही भाकरी खाल्ली आणि तिच्यावर डाग असतात हे मी आत्ता बघितलं. पूर्वी ती घाईची भाकरी होती, आता घरातलं सगळ्यात निवांत काम तेच. पाणी यायच्या दिवशी सोडून, त्या दिवशी कुणालाच निवांतपणा नसतो, बादल्या, पिंप, वरची टाकी, आणि मोटरीपाशी आमचे हे.

ह्यांची वेगळीच तऱ्हा. ह्यांचे दात सगळे जागेवर, ७२ व्या वर्षी, ह्याचा त्यांना गर्व पण आहे. पण कान गेले. मशीन आणलंय, ते कपाटात नीट ठेवलंय. आता कडक भाकरी खाणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर त्याला कळणार कसं कडक आहे का सादळली? पावसाळ्यात तर डब्याचं झाकण जरा सैल राहिलं की सादळतेच. मग ते एक घास तोंडात घेतात, चावतात आणि माझ्याकडं बघून विचारतात, "वाजतीय का?"

मी ऐकते. "वाजतीय."

"किती?"

"चांगली वाजतीय. खावा."

मग समाधानानं पुढचा घास. मी इकडं आमटीवर नजर ठेवून. दोघात मिळून एक माणूस भाकरी खातोय असं म्हणलं तरी चालेल.

मुलगा पुण्यात. आमच्या गल्लीत ज्याची मुलं पुण्यात नाहीत असं घर शोधावं लागेल. जाणारं कुणी भेटलं की हुतात्मा एक्स्प्रेसनं भाकरीचा डबा पाठवायचा, मधे वर्तमानपत्र घालून, तरी दोन-चार मोडतातच. नात नऊ वर्षांची आहे, ती चिप्ससारख्या खाते, नुसत्या, चटणीला तिखट म्हणते. तिला भोगीचा किस्सा कुणी सांगितला देव जाणे, पण तेव्हापासनं नवीन खेळ काढलाय. रात्री फोन करते, माझी कवळी तेव्हा वाटीत असते म्हणून व्हिडिओ नको म्हणते मी, नुसता आवाज. तर काल पण आला.

"आज्जी, डबा पोचला. ऐक हां."

आणि तिनं फोन तोंडाजवळ धरून चावलं. एवढं स्पष्ट, कड्, कड्, मग बारीक कर्रकर्र. ह्यांना म्हणलं जरा पंखा बंद करा. केला. उभेच राहिले बटनापाशी.

"काय म्हणलालीय ती?"

"काय नाही. भाकरी खालालीय."

"मग? वाजतीय का?"

मी हातानंच थांबा म्हणलं, तिचा दुसरा घास सुरू झाला होता.